परत पाठवलेली गाडी

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली आहे. तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही, आणि ताईला तर मुळीच नाही. ती कॉम्प्युटरवाली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही.

त्या दिवशी रविवार होता. भर दुपार. बाहेर रणरणतं ऊन.

ताईची कंपनी ॲम्ब्युलन्ससेवेचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कोणती गाडी निघाली, कधी पोहोचली, हे सिस्टीम आपोआप ओळीओळीनं लिहून ठेवते. त्याला लॉग म्हणतात. फोन आला आणि गाडीच नसली, तर 'गाडी मिळाली नाही' एवढीच ओळ उमटायची.

साहेबांच्या डोळ्यांत नेमकी तीच खुपायची.

"काढून टाक ती ओळ," त्यांनी एकदा फर्मावलं. "वरचे लोक बघतात आणि माझं डोकं खातात."

"पण सर, ती बघूनच कंट्रोल रूमवाले दुसरी गाडी शोधतात."

"तुला पगार कंट्रोल रूम देते का?"

ताईनं ओळ काढली.

काही दिवसांनी एक म्हातारी बाई घरात एकटी असताना वारली. सापडली तेव्हा फोन हातातच होता.

तिचा मुलगा ऑफिसात आला. साहेबांनी लॉग त्याच्यापुढे धरला.

"बघा. तुमच्या आईचा फोन आलेलाच नाही. नंबर चुकला असेल. या वयात होतं असं."

"माझी आई शाळेत गणित शिकवायची हो," तो म्हणाला. "तिचा आकडा कधी चुकला नाही."

साहेब नुसते हसले. ताईला मान वर करवेना.

आणि मग तो रविवार.

काहीतरी तातडीचं काम निघालं म्हणून ताई आणि साहेब दोघंच ऑफिसात होते. साहेब काचेच्या केबिनमध्ये, ताई बाहेर. स्क्रीनवर लॉग सरसर सरकत होता.

अचानक थांबला…

मग एकच ओळ उमटली.

'मी फोन केला होता.'

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. असं वाक्य सिस्टीम लिहूच शकत नव्हती. तिनं सगळा कोड पालथा घातला. कुठेच नाही.

पुन्हा तेच… 'मी फोन केला होता.'

तिनं साहेबांना हाक मारली.

"कुणाचा तरी चावटपणा आहे," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली आणि केबिनचं दार लावून घेतलं.

एसीची घरघर बंद पडली. पाणी थंड करणाऱ्या मशीनचा आवाजही थांबला.

इतकी शांतता… की ताईला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

केबिनमधला फोन वाजला.

"राँग नंबर," म्हणत साहेबांनी तो आदळला.

पुन्हा वाजला.

आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई… अहो बाई, माझं ऐका तरी…"

रिसीव्हर हातातून गळला. साहेब छाती धरून खाली बसले.

ताईनं धावत केबिनमध्ये जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन लावला. काचेतून बाहेरची स्क्रीन दिसत होती.

'गाडी निघाली.'

थोड्या वेळानं… 'गाडी पोहोचली.'

"आली, सर! आली गाडी!"

जिन्यात पावलं वाजली नाहीत. लिफ्ट हलली नाही.

मग आणखी एक ओळ उमटली.

'गाडी परत पाठवली.'

ताईनं किंचाळतच दुसरी गाडी बोलावली. ती आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं.

"अहो मॅडम, आलो होतो की आम्ही! गेटवर एक आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, 'इथून कुणाचा फोन आलेला नाही. नंबर चुकला असेल.' आवाज असा करडा, की उलट बोलायची छातीच झाली नाही. मुकाट्यानं वळलो."

मग तो घुटमळला.

"तुम्हाला ओळखतात वाटतं. म्हणाल्या, 'वरच्या मुलीवरही कधीतरी वेळ येईलच.'"

ताईनं 'गाडी मिळाली नाही' ही ओळ सिस्टीममध्ये पुन्हा घातली आणि नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात मावशी बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मी तिथेच होतो. ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला, तर ताईनं तो हिसकावून घेतला.

"नको! मी नेते."

मावशीला मागच्या सीटवर निजवलं आणि आम्ही निघालो. हॉस्पिटल जवळ आलं, तशी मावशी कण्हत म्हणाली, "आपल्या गेटवर त्या बाई कोण होत्या गं? गाडी थांबवायला हात करत होत्या…"

मी पुढेच बसलो होतो. गेटवर मला कुणीही दिसलं नव्हतं.

ताईनं गाडीचा वेग वाढवला.