घरभर गरगरणारा निरोप

दिगूमामाच्या घरातलं एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि तरीही एकही यंत्र धड चालत नव्हतं. दारावरची घंटा मुकी झाली होती. कुकर शिट्ट्या मोजायचं विसरला होता. गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालणारा नळ सुटला होता तो काही केल्या बंद होईना. आणि हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर एक पांढरं वर्तुळ गोल गोल फिरत होतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘जोडणी शोधत आहे’.

तन्मयी त्या वर्तुळाकडे बघत उभी होती. घंटा नि कुकर गेले खड्ड्यात. आज दिवेलागणीला याच पडद्यावर तिची आई येणार होती, थेट चंद्रावरून.

तन्मयीची आई शलाका चंद्रावरच्या तळावर अभियंता होती. ती तिकडे गेल्यापासून तन्मयी कोल्हापुरात मामाकडेच राहत होती. आता आई चंद्राच्या पलीकडच्या बाजूला निघाली होती. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो. पलीकडे गेलेल्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये अख्खा चंद्र येतो, आणि रेडिओलहरी (आवाज आणि चित्रं वाहून नेणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) त्यातून आरपार जाऊ शकत नाहीत. तिकडचे निरोप इकडे आणायला एकुलता एक उपग्रह होता. त्यावर कामाच्या निरोपांचीच इतकी गर्दी असायची, की घरच्यांशी गप्पा मारायला जागाच उरत नसे. म्हणजे आजचं बोलणं झालं, की पुढचं थेट वार्षिक परीक्षा उरकल्यावर.

एवढ्यावरही तन्मयीने मन घट्ट केलं असतं. पण मागच्या वेळी तिने घोळ घालून ठेवला होता. आई सांगत होती, की पलीकडून निरोप आणायला आणखी एक वाट हवी, म्हणून ती डोंगरकड्यावर खांबांची रांग उभारायला चालली आहे. तेव्हा तन्मयी फणकाऱ्याने म्हणाली होती, “एक वाट आहे ना तिकडं? मग दुसरी कशाला? तुला घरी यायचंच नसतं.” आणि तिने पडदा बंद करून टाकला होता. ते वाक्य तेव्हापासून तिला टोचत होतं. आज ते परत घ्यायचं होतं. नाहीतर आई ते तसंच बरोबर घेऊन पलीकडे जाणार होती.

“मामा, झालं का?”

“होतंय, होतंय,” मामा टेबलाखालून म्हणाला. त्याचे फक्त पाय दिसत होते.

दिगूमामा दिवसभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचा आणि उरलेला वेळ घरातली यंत्रं एकमेकांशी बोलती करण्यात घालवायचा. या पेट्यांच्या नादात याचं लग्न राहून गेलं, असं शेजारी म्हणत. मामाला ते मान्य होतं, पण फार वाईट वाटत नव्हतं. घरात यंत्रांना जोडणारे दोन स्विच होते (एका यंत्राचा निरोप दुसऱ्या यंत्राकडे पोचवणाऱ्या पेट्या). एक खाली हॉलमध्ये, दुसरा वर गच्चीत, चंद्रावरचे निरोप पकडणाऱ्या तबकडीजवळ. दोघांना जोडणारी एक निळी वायर जिन्यातून वर गेली होती.

मामाने पहिल्यांदा सगळ्या हौशी लोकांचा हुकमी उपाय करून पाहिला. सगळं बंद केलं, थोडं थांबला आणि सगळं पुन्हा चालू केलं. पडद्यावरचं वर्तुळ गेलं. चंद्रतळाची खूण उमटली. आणि वर्तुळ पुन्हा फिरायला लागलं.

मामाने पुन्हा तेच केलं. पुन्हा तीच खूण, पुन्हा तेच वर्तुळ.

“पडदाच वर नेऊया की तबकडीजवळ,” तन्मयी म्हणाली.

“नुसता पडदा नेऊन कसं भागेल? आपली ओळख पटवणारा संगणक खाली आहे. ओळख पटल्याशिवाय तळावरून कुणी बोलत नाही.” मामा टेबलाखालून बाहेर आला. त्याच्या कपाळावर घाम होता. “हे बघ तनू, एक गोष्ट मला लई खटकायलीय. यंत्र बिघडलं असतं, तर चालू केल्या केल्या बरं कसं चाललं असतं? थोडा वेळ बरं चालतं आणि मग घोळ होतो. आणि हे दिवे बघ.”

स्विचवर प्रत्येक सॉकेटपाशी एक हिरवा दिवा होता. निरोप गेला की दिवा लुकलुकायचा. एरवी एक इकडे लुकलुके, एक तिकडे. आत्ता सगळे दिवे एकदमच थरथरत होते.

“कुणीतरी सारखं बोलतंय,” तन्मयी म्हणाली.

“तेच तर. आपण काहीच पाठवत नाही, मग एवढं बोलतंय कोण? आज कुणी काही बदललंय काय?”

“नाही,” तन्मयी म्हणाली. ते तिने अगदी खरं मानून सांगितलं.

कोपऱ्यातून भोपळ्या बोलला. भोपळ्या हा मामाने जुन्या भागांतून बनवलेला यंत्रमानव. केशरी पिंपाचं गोल पोट, त्याला दोन लांब हात. तो नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायचा. “कोणताही बदल करण्यात आलेला नाही. केवळ आवराआवर करण्यात आली.”

मामा जागच्या जागी थांबला. “कसली आवराआवर?”

तन्मयीला दुपार आठवली. दर वेळी आई पडद्यावर आली, की मागच्या वायरींचा गुंता बघून हसायची. आज हसू नये, आज सगळं छान दिसावं, म्हणून दुपारी तन्मयीने भोपळ्याला सांगितलं होतं, की एकही वायर लोंबकळताना दिसता कामा नये. आवरणं म्हणजे काही बदलणं नव्हे, असं तिला वाटलं होतं. घर झाडल्यावर आपण घर बदललं असं कुणी म्हणत नाही.

तिने हे सगळं एका दमात सांगितलं. आता मामा ओरडेल, याची ती वाट बघत राहिली. मामा ओरडला नाही. त्याने भोपळ्याकडे बघितलं.

“लोंबकळणारी टोकं कुठं घातलीस रे?”

“सर्व टोके जवळच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवून वायरींची जुडी बांधली आहे.”

टेबलामागे खरोखरच वायरींच्या जाडजूड जुड्या होत्या, भाजीवाल्या मावशी मेथी बांधतात तशा. कुठली वायर कुठून कुठे जाते, ते आता मामालाही सांगता आलं नसतं. खिडकीबाहेर अंधारायला लागलं होतं. आईची वेळ सुरू झाली होती.

“सगळ्याच उपटूया,” तन्मयी म्हणाली.

“त्यात संगणकाचीही निघेल, पडद्याचीही निघेल. परत लावेपर्यंत शलाकाची वेळ संपेल. थांब. डोकं चालवू.” मामा खाली बसला आणि तिलाही समोर बसवलं. “स्विचकडे सगळ्यांसाठीचा निरोप आला, की तो काय करतो? समजा, पडद्याने विचारलं, तबकडी कुठं आहे?”

“तबकडीला सांगतो.”

“ती कुठं आहे ते अजून माहीत नाही. म्हणून तर विचारायचं.”

“मग सगळ्यांना विचारतो.”

“बरोबर. निरोप ज्या सॉकेटातून आला ते सोडून बाकी सगळ्या सॉकेटांतून तो पुढं पाठवतो. निळ्या वायरीतूनही वर जातो. वरचा स्विचही तेच करतो. निरोप सगळ्यांकडं पोचतो आणि संपतो. रोज हे असंच होतं. आता मला सांग, वर जायला एकाच्या जागी दोन वायरी असल्या तर?”

तन्मयीने जमिनीवर बोटाने दोन रेघा ओढल्या. एका रेघेवरून बोट वर नेलं. “निरोप या वायरीतून वर गेला. वरच्या स्विचने तो बाकी सगळीकडं पाठवला.” बोट दुसऱ्या रेघेपाशी थांबलं. “म्हणजे या दुसऱ्या वायरीतूनही पाठवला. ती तर खाली येते.”

“मग खालचा स्विच काय म्हणेल?”

“त्याला वाटेल, नवीन निरोप आला. तो परत वर पाठवेल.” तिचं बोट जमिनीवर गोल फिरायला लागलं, वर, खाली, पुन्हा वर. “मामा, हा थांबणारच नाही.”

“आणि दर फेरीला घरातल्या प्रत्येक यंत्राला त्याची एकेक नक्कल. तेवढ्यात दुसऱ्या कुणी काही विचारलं, की तेही याच्यात सामील. याला प्रसारणाचं वादळ म्हणतात (सगळ्यांसाठीचे निरोप गोल वाटेत अडकून वाढतच जाणं). खरा निरोप या गर्दीत चेंगरतो. म्हणून चालू केल्यावर क्षणभर बरं, आणि पहिली हाक गेली की घोळ.”

तन्मयी उठलीच. “मग सगळ्या वायरी काढायला नकोतच. जिचं एक टोक या स्विचमध्ये आणि दुसरं टोक वरच्या स्विचमध्ये, तेवढीच शोधायची. निळी सोडून दुसरी.”

मामाने कपाळाला हात लावला. “करडी. अडीनडीला असावी म्हणून मीच निळीच्या शेजारून ओढून ठेवली होती. वरचं टोक लावलेलं, खालचं मोकळं. भोपळ्यानं ते मोकळं टोक लावून टाकलं.”

तो जिन्याच्या बाजूच्या जुडीकडे धावला. करडी वायर निळीला घट्ट बांधलेली होती. गाठ सुटेना. मामाने घाईत करडी हिसकली आणि जुडी अख्खी त्याच्या हातात आली. सगळे दिवे एकदम शांत झाले. एक इकडे लुकलुकला, एक तिकडे. गच्चीतला नळ बंद झाल्याचं खालपर्यंत ऐकू आलं.

पण पडद्यावर आता वेगळंच लिहिलं होतं, ‘तबकडी सापडत नाही’.

मामाच्या हातात निळ्या वायरीचंही टोक होतं. त्यावरचा प्लॅस्टिकचा चाप तुटला होता आणि टोक चेपलं होतं. तो पुन्हा पुन्हा ते सॉकेटमध्ये बसवायला बघत होता आणि ते पुन्हा पुन्हा गळून पडत होतं.

“गेली,” तो हळूच म्हणाला. “नवीन टोक बसवायला हवं. हत्यार कारखान्यात राहिलंय.” त्याला तन्मयीकडे बघवेना.

तन्मयीने जमिनीवर पडलेल्या करड्या वायरीकडे बघितलं. मघाची दोन रेघांची वाट तिच्या डोळ्यांसमोर होती. त्यातली एक रेघ आता पुसली गेली होती.

“मामा, करडी लाव ना. आता ती एकटीच आहे. गोल होतंय कुठं?”

मामाने करडीचं टोक सॉकेटमध्ये बसवलं. टक् असा आवाज झाला. पडद्यावर चंद्रतळाची खूण आली आणि या वेळी ती टिकली. खाली ‘ओळख पटवत आहे’ असं आलं.

“म्हणजे दुसरी वाट असायला हवीच,” तन्मयी खुणेवरून नजर न काढता म्हणाली. “फक्त पहिली चालू असताना तिनं गप्प बसायचं.”

“स्विचला ते आपोआप करता येतं,” मामा ओशाळून म्हणाला. “दोन वाटा दिसल्या, की दोन्ही स्विच आपसांत ठरवतात आणि एक झोपवून ठेवतात. पहिली तुटली, की दुसरीला उठवतात. पण त्यानं चालू व्हायला जरा उशीर लागतो. मला कुठला दम निघायला, मी ती सोयच बंद करून ठेवली होती. चूक एकट्या तुझी नाही, बाळा.”

पडदा उजळला. आई आली. तिचे केस विस्कटलेले होते आणि ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघत होती. कोपऱ्यात उरलेला वेळ दिसत होता. तो अगदी थोडा होता.

“आई, मी मागच्या वेळी बोलले ते चुकलं,” तन्मयी म्हणाली. “मला तसं म्हणायचं नव्हतं.”

आई हसली नाही, रडलीही नाही. ती दुसरंच काहीतरी बोलत होती. “तने, तू रागावलीस ते बरोबरच होतं. मी तुला आधी नीट सांगायला हवं होतं.” तन्मयी गोंधळली. आईने ऐकलंच नाही की काय? मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चंद्रावर निरोप पोचायला सव्वा सेकंद लागतो, आणि यायलाही तेवढाच. दोघींनी आपापलं एकाच वेळी बोलून टाकलं होतं, आणि दोन्ही वाक्यं अधल्यामधल्या अंधारात कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली होती.

मग आईचा चेहरा बदलला. तन्मयीचं वाक्य पोचलं होतं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“ते खांब झाले, की पलीकडूनही घरी बोलता येईल,” हात खाली घेत आई म्हणाली. “तळावरच्या सगळ्यांनाच. माझ्याबरोबर एकजण आहे, त्याचं बाळ अजून त्यानं बघितलेलं नाही.”

कोपऱ्यातला आकडा लाल झाला. तन्मयीला खूप काही सांगायचं होतं, परीक्षेचं, वर्गातलं, भोपळ्याचं. सगळं मावणार नव्हतं. तिने एकच वाक्य निवडलं.

“आई, दुसरी वाट नीट बांध हं. आणि पहिली चालू असेपर्यंत तिला झोपवून ठेव, नाहीतर निरोप गरगरत बसतात.”

मग ती गप्प राहिली. तिने एकही शब्द मध्ये येऊ दिला नाही. पडद्यावर आई नुसती बघत होती, अजून बघत होती. आणि अगदी शेवटच्या क्षणी ती खळखळून हसली. त्याच हसण्यावर पडदा काळा झाला.

“तुटलं गं,” मामा चुकचुकला.

“असू दे,” तन्मयी म्हणाली. “पोचलं तिला.”