पखवाजाचा हरवलेला खर्ज

खुर्चीत बसायच्या आधीच सुभाष लोहकरेने सांगून टाकलं, "मॅडम, मी चोर न्हाई."

"कोण म्हणतं चोर?" इंद्रायणी डुंबरेने विचारलं.

"अख्खी बोरी म्हणती. काल सप्त्याच्या मांडवात भरतशेठनी माईकवर सांगितलं."

जुन्नरच्या एसटी स्टँडामागे इंद्रायणीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती विमा कंपन्यांसाठी चौकशीची कामं करू लागली आणि हळूहळू लोक आपल्या खासगी भानगडीही घेऊन यायला लागले. तिची जीप गेणभाऊ चालवायचे. ते एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना रस्ता लांबून दिसायचा, बाकीच्या गोष्टी जरा उशिरा.

सुभाष शिनोलीकडचा. बोरी बुद्रुकला भरत औटीचा स्टुडिओ होता. भजनांच्या कॅसेटी आणि आता सीडी तिथे निघायच्या. सुभाष तिथे रेकॉर्डिंग करायचा. यंदा गावच्या सप्त्यातल्या अभंगांची सीडी उद्या, काल्याच्या कीर्तनानंतर निघायची होती.

"शेठच्या भावानी सिंगापूरवरून कानातला इअरफोन आणला. साधा न्हाई. बाटलीला बूच बसावं तसा कानात बसतो. शेठ म्हणत्यात, मी तो बदलला आन् नकली ठेवला."

"तुला त्याचा आवाज कसा येतो?"

"व्हता तसाच. म्हणून तर डोकं चालंना माझं. मॅडम, उद्या काल्याला आमच्याकडची माणसं येतील. त्यांच्यापुढं मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

गेणभाऊंनी जीपची किल्ली उचलली होती.

*

भरत औटी चाळिशीचा, कामात मुरलेला माणूस. स्टुडिओत त्याचे दोन्ही हात आवाजाच्या मिक्सरच्या खटक्यांवर होते आणि ते तिथून हलत नव्हते.

"सोमवारपासून पखवाज पोकळ वाजतोय, ताई. थाप पडती, पण घुमत नाही. खर्जच गेला."

"आणि टाळ?"

"टाळ आहेत की. सुटे सुटे, एकेक जोडी वेगळी ऐकू येते. पण खाली काही नाही. आणि इंजिन गेलं!"

"कसलं इंजिन?"

"रेकॉर्डिंगच्या वेळी पलीकडच्या विहिरीवर डिझेल इंजिन चालू होतं. लई बारीक, खालच्या सुरात पुकपुक. बाकी कशावर ऐकू यायचं नाही, या इअरफोननंच मला दाखवलं. आता ते यातही नाही. मग हा तो नव्हे, सरळ आहे."

"दिसायला?"

"हुबेहूब. नकली तसेच बनवतात. पण पहिला कानात घट्ट बसायचा. हा निसटतो. काम करताना हळूहळू बाहेर येतो."

"कान दुखतो का?"

"दुखायचा. सप्त्याच्या घाईत दिवसभर कानात असायचा ना. आता बरं आहे."

"सोमवारपासून आणखी काय बदललं?"

"काहीच नाही. इअरफोनच्या कपाटाची चावी माझ्याकडं आणि सुभाषकडं. आणि रविवारी हा नारायणगावला चिमाजीच्या दुकानात गेला होता. चिमाजीच्या काचेत अगदी असाच माल असतो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"मला ऐकू द्या."

भरतने इअरफोन कानातून काढला, शर्टाला पुसला आणि पुढे केला. इंद्रायणीने तो घातला. अभंग सुरू झाला. पखवाज छातीत घुमला. त्याच्याही खाली, अगदी तळाशी, पुकपुक चालू होती.

ती गोंधळली. तिने तो गेणभाऊंकडे दिला. गेणभाऊंच्या कानांतून पांढऱ्या केसांचे झुबके बाहेर डोकावत होते. त्यांनी कसाबसा तो आत कोंबला.

"माशी गुणगुणती," ते म्हणाले. "पखवाज कुठाय?"

भरतने हात पसरले. "बघा! मी काय म्हणतो?"

"आता काय समजायचं, ताई?" जीपमध्ये बसताना गेणभाऊंनी विचारलं. "सुभाषला बरोबर, तुमाला बरोबर. शेठला खोटा, मला खोटा. वस्तू एक आन् आवाज दोन. भुताटकी म्हणावी काय?"

"मलाही कळत नाहीये," इंद्रायणी म्हणाली, आणि ते खरं होतं.

*

नारायणगावात चिमाजी मोबाइलची कव्हरं लटकवत होता. सुभाषचं नाव काढताच तो हसला.

"आला होता ना. इअरफोनच्या रबरी टोप्या मागत होता, मऊ. म्हणाला, शेठचा कान दुखतो. आपल्याकडं कुठल्या? म्हणलं, अख्खा इअरफोन ने. तर म्हणतो, हा घातला तर शेठ मला बडवल."

"तो दाखवा."

नकली खरंच हुबेहूब होता. इंद्रायणीने तो दुकानातल्या सीडी प्लेयरला जोडला आणि भरतच्याच एका जुन्या सीडीवरचा अभंग ऐकला. यात पखवाज होता, उलट जास्तच, ढबढब. टाळ मात्र पत्र्यावर वाळू घासावी तसे एकमेकांत मिसळले होते. जोड्या वेगळ्या ओळखूच येत नव्हत्या.

तिने मिनिटभर गाणं थांबवलं, मग पुन्हा लावलं. एवढ्या वेळात तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"चला गेणभाऊ, पुन्हा बोरीला. भरतरावांच्या घरी."

"घरी कशाला? चोरी स्टुडिओत झाली."

"चोरी झाली असली तर."

*

घरी भरतची आई सारजाबाई होती. पडवीतल्या चुलीवर चहा उकळत होता. चुलीशेजारी एक काळी, तेलकट पळी पालथी घातली होती आणि राखेत लसणाच्या पाकळ्यांची सालं पडली होती.

"आजी, आज जेवणात काय?"

"वरण-भात, बटाट्याची भाजी. सप्ता हाय बाय. कीर्तनकार बुवा आमच्याकडंच उतरल्यात. त्यांच्यासाठी सगळं बिगर कांद्या-लसणाचं. आठवडा झाला, घरात लसूण शिवला न्हाई."

"घरात नाही," इंद्रायणी म्हणाली आणि चुलीकडे बघत चहा प्यायली.

गेणभाऊ म्हातारीकडे बघत राहिले, मग इंद्रायणीकडे. त्यांना वाटलं, काहीतरी झालं आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना कळलं.

"आजी, जरा आमच्याबरोबर स्टुडिओत चला. आणि एक स्वच्छ फडकं घ्या."

*

स्टुडिओत भरत, सुभाष, सारजाबाई आणि गेणभाऊ एवढे जण जमले. सुभाष दारापाशी उभाच राहिला.

"भरतराव," इंद्रायणी म्हणाली, "हा इअरफोन नकली असता तर आधी टाळ बिघडले असते. चिमाजीच्या मालात तेच होतं: टाळ चिकटलेले, पखवाज ढबढब. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे. टाळ स्वच्छ आहेत आणि फक्त खर्ज गेला आहे. मला तिथेच अडायला हवं होतं, पण मी पखवाज ऐकला आणि गोंधळले."

"मग खर्ज नेला कुणी?"

"फटीनं. इअरफोनची रबरी टोपी कानाची वाट गच्च बंद करते. टाळाचा आवाज बारीक फट असली तरी कानात पोचतो. खर्जाला मात्र कोंडलेली हवा लागते. फट पडली की ती हवा सुटते, पंक्चर ट्यूबसारखी. पंप कितीही चांगला असो."

"माझं काय मग?" गेणभाऊंनी विचारलं.

"तुमच्या कानात केसांची झुडपं आहेत. टोपी बसलीच नाही."

सुभाष पहिल्यांदाच हसला.

"पण माझ्या कानात केस नाहीत," भरत म्हणाला. "आणि मागच्या आठवड्यापर्यंत हाच बसत होता."

"हो. तुम्हीच सांगितलंत: सोमवारपासून निसटतो. आणि सोमवारच्या सुमारासच कानाचं दुखणं थांबलं. ते आपोआप थांबलं का?"

भरत पुन्हा मिक्सरकडे वळला.

"ज्या घरात आठवडाभर लसूण शिजला नाही, तिथल्या पडवीत लसणाची सालं आणि तेलाची पळी कशी? मला देताना तुम्ही इअरफोन शर्टाला का पुसलात? पुसलेला माझ्या कोरड्या कानात बसला. सुभाषलाही बसत होता."

सारजाबाईने पदर सावरला. "पोरगं कण्हत व्हतं. सोमवारपास्नं रोज सकाळी त्याला मांडीवर घेती आन् लसणाचं कोमट तेल सोडती कानात. बुवांना वास नको म्हणून पडवीत करती. त्यात काय चोरी?"

"आई, तेल काय सांगायची गोष्ट आहे का!" भरत म्हणाला. "लहानपणापासून घालतीस. ताईंनी विचारलं काय बदललं, तर मला ते आठवलंसुद्धा नाही."

"म्हणूनच सापडत नव्हतं," इंद्रायणी म्हणाली. "तेलानं टोपी सरकते आणि फट पडते. घाला इअरफोन. तसाच, न पुसता."

भरतने घातला. "पोकळ."

"आता हात मिक्सरवरून उचला आणि दोन्ही कानांत बोटानं दाबून धरा."

भरतने हात उचलले. दाबलं. त्याचे डोळे मोठे झाले. त्याने बोटं काढली, पुन्हा दाबली.

सारजाबाईने न सांगता फडकं पुढे केलं आणि लहानपणी पुसावेत तसे त्याचे कान आतून कोरडे केले. इंद्रायणीने टोप्या पुसल्या. या वेळी भरतचे हात मांडीवर होते. अभंग पुढे सरकला.

"इंजिन," तो हळूच म्हणाला. "पुकपुक."

भरतने इअरफोन काढून सुभाषपुढे धरला. "घे. राहिलेलं मिक्सिंग तूच कर. माझ्या कानाचं तेल बंद होईस्तोवर."

सुभाषने हात पुढे केला नाही. "शेठ, टोप्या आणाय गेलतो, ते मी तुमाला सांगितलं व्हतं. तुमी ऐकलं न्हाई. तुमी माझं नाव माईकवर घेतलं."

"चुकलो."

"हितं चुकलो म्हणून काय उपेग? हितं कोण ऐकतंय?"

भरतने इअरफोन मिक्सरवर ठेवला. मग उठला, चप्पल घातली आणि मांडवाच्या दिशेने चालू लागला.

हरिपाठ नुकताच संपला होता. जीप चालू करायला गेलेले गेणभाऊ थांबले. देवळावरच्या कर्ण्यातून आधी खरखर आली, मग भरतचा आवाज. सुभाष लोहकरेचं नाव त्याने पूर्ण घेतलं, शिनोलीसकट.

"लई किरटा येतोय वो आवाज," गेणभाऊ म्हणाले. "खर्ज न्हाई यात."

"कर्ण्यात खर्ज नसतोच, गेणभाऊ."

स्टुडिओच्या पायरीवर सुभाष मान वर करून ऐकत होता. कुकडी नदीच्या पलीकडच्या मळ्यात एका माणसाने पिकाला पाण्याचं दारं धरायचं थांबवून आवाजाकडे तोंड केलं.

"पण लांब जातो," इंद्रायणी म्हणाली.