बटणांची आखणी

रोह्याच्या एका कंपनीने जुनी यंत्रं भंगारात काढली, त्यातला एक कीबोर्ड हितेशच्या हाती लागला. लोखंडी बैठकीचा, धोंड्यासारखा जड, प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. पेणला रामवाडीत हितेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सत्त्याण्णव सालच्या नव्या कॉम्प्युटरला असल्या म्हाताऱ्या कीबोर्डची भाषा कळत नसे. मध्ये छोटं सर्किट बसवून दुभाष्याचं काम करण्यात हितेशला भारी मौज वाटे. गिऱ्हाईकही तयार होतं. रोह्यात टायपिंग क्लास चालवणाऱ्या हलीमा मॅडमना नव्या कीबोर्डची हलकी बटणं मुळीच पसंत नव्हती. टाइपरायटरवर बसलेली बोटं त्यावर घसरतात, असं त्या म्हणत.

हितेशने स्प्रिंगा स्पिरिटने पुसल्या, बटणं साबणाने धुतली. अक्षरं मात्र पार झिजून गेली होती. ती पुन्हा काढायला त्याला गुणाजीमामा आठवले.

मामांनी आयुष्यभर गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली. माती कोणीही भरो, रंग कोणीही मारो, डोळे मामांनीच काढायचे. पण उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी हायच खाल्ली. श्रावण लागला, डोळ्यांवाचून मूर्ती फळ्यांवर खोळंबल्या, तरी मामा ब्रशला शिवेनात. हितेशला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्याला ते बघवेना.

“मामा, एवढी अक्षरं काढून द्या.”

“माझा हात गेला रे.”

“ही काय मूर्ती हाय? चुकलं तर पुसू.”

मूर्तीचे डोळे काढण्याआधी करत तशीच मामांनी आंघोळ केली, उपाशीपोटी बसले आणि तोंडातून चकार शब्द न काढता सगळी बटणं रंगवली. इंग्रजीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण अक्षरं छापल्यासारखी उतरली. “जमतंय रे अजून,” ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते मूर्तींसमोर बसले. हितेशला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

कीबोर्ड जोडला. सगळी अक्षरं पडद्यावर बरोबर उमटली. फक्त काम करताना कोणीतरी टक लावून बघतंय, असं त्याला वाटत राहिलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी त्याने समजूत घातली.

दुपारी बायको, पूजा, डबा घेऊन आली. तिने आधी कीबोर्डवर टॉवेल टाकला.

“काय झालं?”

“काय नाय. जेवताना कोण बघत बसलं की घास उतरत नाय.”

हलीमा मॅडमनी आठवड्याभरात कीबोर्ड परत आणला.

“बिघडला?”

“नाही. बटणांकडे बघून टाइप करू नका, म्हणून मी पोरींवर वर्षानुवर्षं ओरडतेय. ह्याच्यावर एकही पोरगी खाली बघत नाही.”

“मग चांगलंच की.”

“बघ म्हटलं तरी बघत नाहीत, हितेश. रडतात.”

त्या दुपारी तो कारखान्यात गेला. मामांची रेष तीच होती, एक केसही इकडचा तिकडे नव्हता. पण गिऱ्हाइकं मूर्ती न्याहाळत आणि परत फळीवर ठेवत. लहानपणी हितेश कुठेही उभा राहिला तरी ते डोळे त्याला बघत. आता नुसती रंगवलेली माती होती.

“बघतायत ना रे?” मामांनी विचारलं.

“व्हय.”

मामांनी ब्रश खाली ठेवला. “खोटं बोललास की तू कान चोळतोस. ल्हान होतास तवापासनं.”

हितेश दुकानात परतला आणि थिनरचा बोळा घेऊन बसला. आपण हे का करतोय, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. पहिलं अक्षर निघता निघेना. पुढची भराभर निघाली. शेवटचं पुसताना त्याने डोळे मिटून घेतले.

बटणं कोरी झाली. कोणी बघतंय असं वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही झुंबड! मामा लहान पोरासारखे हसत होते. हितेश कोपऱ्यात मातीच्या पोत्यांपाशी उभा राहून ते सगळं डोळे भरून बघत होता.

गागोद्याची धोंडुबाई दरवर्षीची गिऱ्हाईक. ती फळीसमोर थबकली.

“गुणाजीभाव, औंदा डोळं कसं जितं हायत! पन सगळ्या त्या कोपऱ्यात का बगतात?”

मामा हसले. हितेश हसला नाही.

तो भिंतीच्या कडेने, कोणाचा धक्का लागणार नाही असा, दाराशी आला.

“अगो बाय,” मागून धोंडुबाई म्हणाली, “आता दाराकडं बगतायत.”