आउटबॉक्समध्ये एक

तो आला तेव्हा ती टेबलाखाली होती. हातात नेटची सुटलेली केबल, केसांत जळमट, आणि वरून मावशीचा आवाज, "अगं, कंप्युटरवाले आलेत. बाहेर ये, उंदरासारखी काय बसलीयस?"

मावशी दातांची डॉक्टर. दवाखान्यातलं बाहेरचं टेबल हिचं. पेशंटचे फोन, नंबर, मेल सगळं हीच बघायची.

पंचविशीतला पोरगा होता. बॅग ठेवली, बसला, जुना कंप्युटर लावला.

"अकरा वर्षांचे मेल नव्यावर न्यायचेत ना? आधी जुन्याला नेट जोडू. मधल्या तीन आठवड्यांचे मेल उतरले, की सगळं एकदम उचलू."

तिने हातातली केबल पाठीमागे लपवली.

"नेट नको. आहे तेवढंच न्या."

"का?"

"मी सांगतेय म्हणून!"

तो हसला. "पुन्हा चालू करून पाहिलंत का?"

ती बघतच राहिली. वर्षभर कंप्युटर कंपनीच्या हेल्पलाइनवरून तिच्या प्रत्येक तक्रारीला मेलवर हेच उत्तर यायचं.

"म्हणजे... ते तुम्ही?"

"मीच. आणि 'तुमच्या सल्ल्याचं काय लोणचं घालू' असं लिहिणाऱ्या तुम्ही."

"मला वाटलं, टक्कल पडलेले काका असाल."

"मला वाटलं, साठीच्या काकू. एक हात कमरेवर, एका हाताने टाइप करणाऱ्या."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला.

कारण तीन आठवड्यांपूर्वी, एका रिकाम्या दुपारी, तिने याच माणसाला मेल लिहिला होता. तक्रारीचा नव्हे. बटण दाबलं आणि लगेच पस्तावली. मेलच्या रांगेत पुढे कुणाच्या तरी जबड्याचा एक्स-रे रेंगाळत जात होता म्हणून वाचली. तिने टेबलाखाली उडी मारून केबलच उपटली. मग मेल बंद. मावशी तीन आठवडे फोनवर डोळे बारीक करून मेल वाचत होती. शेवटी म्हणाली, "मेला हा डबा," आणि नवा कंप्युटर मागवला. खरं सांगायची हिची छाती झाली नाही.

"नेहमीचा माणूस का नाही आला?" तिने विषय बदलला.

तो स्क्रीनकडेच बघत राहिला. "तीन आठवडे तुमची तक्रार नाही. शिव्या नाहीत, काही नाही. करमेना – म्हणजे... काळजी वाटली. मग हे काम मागून घेतलं."

आत मावशीचं मशीन गुरगुरत होतं. लवंगेचा वास बाहेरपर्यंत आला होता.

"आउटबॉक्समध्ये एका एक्स-रेमागे एक मेल अडकलाय," तो म्हणाला.

"वाचायचा नाही!"

"नाही वाचत. डिलीट करा, दोन सेकंदांचं काम. मग नेट जोडतो." त्याने खुर्ची फिरवली आणि भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसला. कानसुद्धा हलवला नाही बिचाऱ्याने.

तिने माउस धरला. रोज सकाळी असाच धरायची... रोज सोडून द्यायची.

"मला डिलीट करता येतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून येतं."

"मग केला का नाही?"

ती टेबलाखाली गेली आणि केबल बसवली. खट्.

आधी तो जबडा निघाला. अर्धा गेला... पाऊण गेला... तिला तर त्या पेशंटचाच राग आला. मग वर त्याच्या खिशातला फोन वाजला.

मेल चार ओळींचा होता.

'पुन्हा चालू करून पाहिलंत का, असं लिहिता तेव्हा मला संताप येतो.
पण तुमचा मेल आला नाही, की त्याहून जास्त येतो.
कंप्युटर ठीक आहे. मीच बिघडलेय.
काय करायचं ते सांगा.'

ती गुडघ्यांत डोकं घालून बसली. खुर्ची करकरली, आणि तो वाकून टेबलाखाली शिरला. येताना डोकं आपटलं.

"ही तक्रार मेलवर मिटायची नाही," कपाळ चोळत तो म्हणाला. "प्रत्यक्ष यावं लागेल."

"कधी?"

"रोज."

तिने त्याच्या केसांतलं जळमट काढलं. त्याने तिच्या.

तेवढ्यात मावशीच्या चपला टेबलापाशी येऊन थांबल्या. वर जुन्या कंप्युटरवर तीन आठवड्यांचे मेल धडाधड उतरत होते.

"अगं, हा तर चालतोय!" मावशी ओरडली. "मग मी नवा घेतला कशाला?"