मधल्या खडकाची माहिती

मंडळाच्या फिल्मचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात रिकामा मीच. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून आमच्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला वाटतं की माझा दिवस त्याच्या मालकीचा आहे. कोणाचा हयातीचा दाखला, कोणाच्या चष्म्याची काडी. त्यात हे.

मंडळ म्हणजे आडबंदर ग्रामस्थ मंडळ, मुंबई. आडबंदर हे आमचं मूळ ठिकाण, समुद्रापासून बरंच आत, कोळवी नदीकाठी डुलक्या काढत बसलेलं. यंदा मंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली. अध्यक्ष माझेच आजोबा, श्यामसुंदर, वय एक्याऐंशी. त्यांचा सत्कार होणार. सेक्रेटरी नंदकुमारकाकांनी ‘आडबंदरचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे’ अशी नऊ पानं लिहिली होती. पडद्यावर फोटो, मागून माझा आवाज.

‘‘तुझा आवाज तेवढा बरा आहे,’’ काका म्हणाले. बाकी काय बरं नाही ते न बोलता कळलं.

चारकोपच्या आमच्या घरात रेकॉर्डिंग शक्य नाही. टीव्ही, कुकर, आजोबांचा खोकला. म्हणून काकांनी मंडळाच्या खोलीची चावी दिली. दहिसरला, नदीला लागून असलेल्या चाळीत, वरच्या मजल्यावर ही खोली. गावाहून नोकरीला आलेले पंधरा-पंधरा जण एकेकाळी तिथे राहायचे, प्रत्येकाला एक ट्रंक आणि एक खुंटी. आता चाळ पाडणार आहेत. त्या मजल्यावरची बिऱ्हाडं केव्हाच गेली होती.

निघताना मालनआजीने हाक मारली. ही आजोबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, सगळा जन्म आमच्याकडे काढला. दम्याचा पंप कायम मुठीत.

‘‘सिद्धेश, फेसबुकवर रत्नाचं नाव टाकून बघितलंस काय रे?’’

‘‘चार वेळा बघितलं गं.’’

‘‘पाचव्यांदा बघ. माका बाकी कायएक नको. ती गेली खंय, एवढं कळू दे.’’

रत्नप्रभा तिची मोठी बहीण. चौऱ्याहत्तर साली, वीस वर्षांची असताना, एका ट्रक ड्रायव्हरबरोबर मुंबईला पळून गेली, असं घरात सांगतात. सांगतात म्हणजे आजोबांनी एकदाच सांगितलं आणि नंतर तिचं नाव काढायची बंदी केली. आमच्या घरात इतिहास असाच लिहितात.

दुपारी दोनला मी खोली उघडली. जाळीतून ऊन येत होतं, भिंतीवर रिकाम्या खुंट्या. कोपऱ्यात मोरी, तिला पत्र्याचं दार, बाहेरून कडी. मी उरलेल्या एका ट्रंकेवर बसलो, मोबाइल समोर ठेवला आणि वाचायला लागलो.

‘‘कोळवी नदीच्या कुशीत वसलेले आडबंदर हे एकेकाळी भरभराटीचे बंदर होते. भरतीबरोबर गलबते थेट पेठेपर्यंत येत...’’

‘‘हूं.’’

बाईचा आवाज. हळू, झोपाळलेला. मला वाटलं, बाजूला कोणीतरी राहतंय अजून. पुढे वाचलं. नदीत गाळ साचला, सात कमानींचा पूल झाला, गलबतं बंद झाली. प्रत्येक वाक्यामागे ‘‘हूं’’. जकातीच्या दगडी चौकीला ‘‘हूं’’. मुरलीधराच्या देवळाला ‘‘हूं’’.

गोष्ट ऐकणारा सांगणाऱ्याला देतो, तसा हुंकार. लहानपणी मालनआजी गोष्ट सांगायची आणि मी हूं म्हणायला चुकलो की तिथेच थांबायची.

मी उठून गॅलरी बघून आलो. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दारंच नव्हती. आत विटा, कावळे. परत आलो तेव्हा खोलीत वास होता. खाली दहिसरची नदी आहे, तिला गटाराचा वास येतो. हा तो नव्हता. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलाचा, गार, स्वच्छ वास.

घाबरलो. पण माझा एक प्रॉब्लेम आहे, घाबरलो की मला राग येतो. बसलो आणि पुढचं वाचलं.

‘‘नदीच्या मध्यभागी असलेला मधला खडक हे सहलीचे रम्य ठिकाण. ओहोटीच्या वेळी होडीने तेथे जाता येते. या खडकावर आजवर कोणतीही दुर्घटना घडलेली नाही.’’

काही नाही.

पुन्हा वाचलं. काही नाही... मागची ओळ वाचली, देवळाची. ‘‘हूं.’’ खडकाची वाचली. गप्प.

मी तिथूनच काकांना फोन लावला. ‘‘काका, मधल्या खडकाचं शेवटचं वाक्य कशाला टाकलंय? देवळात दुर्घटना झाली नाही असं नाही लिहिलंत.’’

काका गडबडले. मग, ‘‘तुझ्या आजोबांनी सांगितलं म्हणून टाकलं. तू वाचायचं काम कर ना. शहाणपणा कॉलेजात दाखवायचा होतास.’’

फोन कट. म्हातारी माणसं घाबरली की लहानांची लायकी काढतात, हे मी आता ओळखतो.

घरी जाऊन मी फक्त मालनआजीला सांगितलं. तिने पंप उशीखाली ठेवला आणि विचारलं, ‘‘एकेरी हूं, की शेवटाला लांबवून?’’

‘‘लांबवून.’’

‘‘उद्या माका घेऊन चल.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षाने तिला आणलं. जिना चढायला वीस मिनिटं लागली. ट्रंकेवर बसली, पदर सारखा केला, मोरीच्या दाराकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तेच मला जास्त खुपलं.

‘‘गोष्ट सांगतंय हां, रत्ने,’’ ती म्हणाली. ‘‘एक होती रत्ना. तिला गावातलाच एक मुलगा आवडायचा.’’

‘‘हूं...’’

मालनआजी मोरीच्या दाराकडे सरकून बसली. ‘‘ती एका ट्रकात बसून मुंबईला गेली.’’

गप्प.

‘‘ती नदीवर गेली.’’

‘‘हूं...’’

‘‘एकटी.’’

गप्प.

‘‘दादाबरोबर.’’

‘‘हूं...’’

दादा म्हणजे माझे आजोबा. मी दाराकडे एक पाऊल सरकलो. आजी मात्र अंधारात भिंत चाचपावी तशी एकेक वाक्य पुढे टाकत होती.

‘‘दादाने तिला होडीत घातलं. मधल्या खडकावर नेऊन सोडलं. त्या मुलाचा नाद सोडीपर्यंत बस इथे, म्हणाला.’’

‘‘हूं...’’

‘‘नुसतं घाबरवायला.’’

‘‘हूं...’’

‘‘मग भरतीच्या आत दादा तिला परत घेऊन आला.’’

गप्प. आम्ही वाट बघितली. कुठेतरी एक कावळा पत्र्यावर चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. गप्प.

मालनआजीने हात पुढे केला. ‘‘दादाला फोन लाव.’’

मी स्पीकरवर लावला.

‘‘दादा, मी मालन. रत्नाला न्यायला तू परत गेलास काय रे खडकावर?’’

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

‘‘कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? त्या सिद्धेशने?’’

‘‘हो, मीच,’’ मी म्हणालो. ‘‘पन्नास वर्षं पळून गेली म्हणून बहिणीची बदनामी केलीत. आता शाल घेताय? उत्तर द्या.’’

‘‘तुझा बाप माझ्यापुढे असा बोलला नाही कधी.’’

‘‘म्हणूनच पन्नास वर्षं लागली.’’

‘‘दादा,’’ मालनआजी शांतपणे म्हणाली, ‘‘तू गेलास?’’

‘‘हूं...’’ मोरीच्या दारामागून आलं. लांबवून.

तो आवाज आजोबांनाही ऐकू गेला. ‘‘मालन... तिथे कोण आहे अजून?’’

मी मोबाइल मोरीच्या दाराकडे धरला.

‘‘गेलेलो मी,’’ ते म्हणाले. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ‘‘देवाशपथ गेलेलो. दिवस होता अजून. पाणी तिच्या कमरेला लागलेलं. हाक मारली, ती हात करील म्हणून होडी उभी केली. ती माझ्याकडे पाठ करून बसलेली... आणि हूं म्हणत होती. थांबून थांबून. कोणीतरी तिला गोष्ट सांगत होतं गो.’’

‘‘कोण?’’

‘‘खडकावर दुसरं कोणी नव्हतं.’’

‘‘मग आणलं का नाहीस तिला?’’

‘‘ती हसत होती, मालन, मला ऐकू येत होतं. पाणी छातीला येत होतं आणि ती... मी भ्यालो. होडी वळवली. माका...’’

मी फोन बंद केला. त्या माणसाचं पुढचं काही मला ऐकायचं नव्हतं. भ्यालो म्हणे. तीस वर्षांचा बाप्या, हातात वल्हं. आणि घरी येऊन ट्रक ड्रायव्हर रचण्याइतकं डोकं मात्र ठिकाणावर होतं. सगळ्यांनी मिळून पन्नास वर्षं तिला मुंबईला पाठवलं. ती मुंबईत येणार नाही तर कुठे जाणार?

‘‘चल आजी. कळलं ना तुला आता? काकांची नऊ पानं मी फाडतो. खडकाचं खरं मी वाचणार, त्यांच्या सत्कारातच.’’

ती हलली नाही.

‘‘वाच तू,’’ ती म्हणाली. ‘‘पण दादाने पाठ फिरवल्यावर पुढे काय झालं ते त्याला माहीत नाय. रत्ने... आता तू सांग गो.’’

खोलीत काही ऐकू आलं नाही. चिखलाचा वास तेवढा दाट झाला. मी मोरीची कडी काढून दार उघडलं. आत कोरडी फरशी आणि एक फुटकं टमरेल.

माझ्यामागे मालनआजी म्हणाली, ‘‘हूं.’’

मी वळलो. तिने मान थोडी कलती केली होती, बाजूला बसलेल्या माणसाचं ऐकताना करतात तशी.

‘‘आजी?’’

‘‘हूं... हूं...’’ ती हसत होती. तिच्या छातीतली घरघर थांबली होती.

मी तिचा दंड धरून ओढला. पंचेचाळीस किलोची बाई, पण जागची हलेना. दोन्ही पाय तिने ट्रंकेवर वर घेतले होते, पदर गुडघ्यात खोचून. खाली फरशी कोरडी ठणठणीत, तिच्यावर जाळीचं ऊन.

‘‘आजी, ऊठ. प्लीज. घरी जाऊ.’’

तिने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, मधेच बोलणाऱ्या पोराला गप्प करतात तसं.

‘‘थांब रे,’’ ती म्हणाली. ‘‘पाणी आत्ता कुठे घोट्याला लागलंय.’’