शेवटचा कॉम्प्युटर

२००८च्या दिवाळीच्या सुट्टीत मी डोळखांबच्या पुढच्या एका आश्रमशाळेत सर्व्हर बसवायला गेलो होतो. मी शहापूरचा, नोकरी कल्याणच्या एका छोट्या कंपनीत. शाळेच्या एका खोलीत भिंतीला लागून कॉम्प्युटरची ओळ मांडली होती. धड्यांचे व्हिडिओ सर्व्हरवर ठेवायचे आणि मुलांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बघायचे, अशी योजना. सर्व्हरला दमवून बघणं हे माझं काम. एकच व्हिडिओ एकामागून एक सगळ्या कॉम्प्युटरवर सुरू करत जायचा आणि चित्र कुठे अडखळायला लागतं ते तपासायचं.

मुलं आपापल्या पाड्यांवर गेली होती. शाळेत मी आणि स्वयंपाक करणारी सावळीमावशी, दोघंच. धड्यांच्या सीडी अजून आल्या नव्हत्या, म्हणून हेडमास्तरांनी गावी जाताना आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची सीडी माझ्या हातात दिली होती. पटांगणात मुली फेर धरून नाचताहेत, मागे पेंढ्याची उडवी, कोणीतरी ढोलकी वाजवतंय. दुपारी मी ती सर्व्हरवर चढवून पहिल्या कॉम्प्युटरवर लावली.

मावशी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"माजी पोर ती," ती म्हणाली. "कविता."

पिवळ्या फ्रॉकमधली, दोन वेण्यांची. त्या संमेलनानंतरच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. ओढ्याला पूर होता, दवाखान्यापर्यंत नेताच आलं नाही. मावशीनं हे सगळं एकाच सुरात सांगितलं, तांदूळ किती शिजवायचे ते सांगावं तसं. घरात पोरीचा एक फोटोसुद्धा नव्हता. मी स्टूल पुढे केलं, पण ती खाली फरशीवरच बसली, मान वर करून.

मी पुढचे दोन सुरू केले. चित्र स्वच्छ चाललं होतं. त्याच्या पुढच्यावर मात्र पिवळा फ्रॉक आखूड वाटला. मला वाटलं, मॉनिटर बिघडलाय. पण बाकीच्या मुली होत्या तेवढ्याच होत्या. आणखी पुढच्यावर फ्रॉक नव्हताच, पिवळी साडी होती. मी केबल तपासली. सर्व्हर उघडून बघितला. त्यावर फाईल एकच होती.

"मोठी झाली," मावशी म्हणाली. "अजून लावा, सर."

तिच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. मी लावत गेलो.

एका पडद्यावर कविताच्या गळ्यात काळी पोत आली. त्यापुढच्यावर कडेवर मूल. चिमुरड्या पोरींच्या फेरात ती मुलाचं डोकं सांभाळत, हळूहळू पाय टाकत होती. मावशी उठून जवळ गेली आणि काचेवर बोट टेकवलं.

"याचं नाव काय ठेवलं असंल?"

मी पुढचा सुरू केला.

त्यावर कविताचे केस पिकले होते. कडेवर मूल नव्हतं.

त्याच्या पुढच्यावर ती फेरातून बाहेर येऊन उडवीला टेकून बसली होती. धाप लागली होती तिला. मैत्रिणी तिच्याकडे न बघता नाचत होत्या.

ओळीत एकच उरला.

"त्यो नको," मावशी म्हणाली. "एकदा बघितलंय मी."

मी एकेक करून सगळे बंद केले. कडेवर मूल असलेला सर्वांत शेवटी. त्या पडद्यावरचा हात मावशीनं काच काळी पडल्यावरही जरा वेळ काढला नाही. मग कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळची एसटी गाठायची होती. निघण्याआधी मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. लावलेल्या सगळ्या पडद्यांवर पिवळ्या फ्रॉकमधली, दोन वेण्यांची कविता नाचत होती. कुठेही अडखळलं नाही. शेवटच्या कॉम्प्युटरला मी हात लावला नाही.

निरोप घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलो. चूल पेटली होती. मावशीनं वाशाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती झोका देत होती आणि तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय."

मी वाकून बघितलं. झोळीत काहीच नव्हतं.

पण कापड तळाशी ताणलं जाऊन लोंबत होतं, आणि प्रत्येक झोक्याला वरचा वासा ओझ्यानं करकरत होता.