तुटक्या दाताचा ठसा

"बाबा, हात काढा! गाडी खाली येऊन राहिली!"

विमला ओरडली आणि पुंडलिकरावांनी हात ओढलाही, पण दोन बोटं तेवढी मागे राहिली! पुंडलिकरावांच्या गॅरेजात जॅकवर उचललेली, जवाहरनगरच्या एका साहेबांची पांढरी ॲम्बेसेडर कसलाही आवाज न करता खाली बसली होती. पार जमिनीला टेकली नाही, कारण काढलेलं चाक विमलानं सवयीप्रमाणे गाडीखाली सरकवून ठेवलं होतं. गाडी त्या चाकावर अडली म्हणून दोन बोटांवर भागलं. नाहीतर अख्खा हात गेला असता.

"घोडी काहून नाही लावली, बाबा?" विमला रडकुंडीला आली होती.

"एका मिनिटाचं काम होतं वं..." पुंडलिकराव कळ दाबत म्हणाले.

उचललेली गाडी पेलून धरणारी लोखंडाची तीन पायांची घोडी दोन हातांवर भिंतीशी उभी होती. पण एका मिनिटाच्या कामाला ती लावायचा कंटाळा कोणाला येत नाही? शहापूरच्या हायवेवर या कंटाळ्यानं किती मेकॅनिकांची बोटं खाल्ली असतील, देव जाणे!

आरडाओरडा ऐकून समोरच्या टपरीवरून भय्याजीकाका धावत आले. पुंडलिकरावांचे ते लहानपणचे दोस्त. गॅरेजची दुसरी किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच असायची. मागल्या वर्षी गॅरेजचं काम शिकायचं म्हणून विमला हट्टाला पेटली तेव्हा अख्ख्या गावात एकटे तेच म्हणाले होते, "शिकू दे तिले! पोरीचा हात साफ आहे." चाकांचा जॅक पुसायचा कसा, त्याचं तेल बघायचं कसं, आतली हवा काढायची कशी, सगळं काकांनी तिला शिकवलं होतं. शिवाय एक मंत्र दिला होता: "जॅक उचलून देते, धरून ठेवत नाही. धरून ठेवते ते घोडी!"

पुंडलिकरावांनी धडक्या हातानं जॅकचं बूच काढलं, तेलात बोट बुडवून वास घेतला आणि त्यांचा चेहराच पालटला.

"हे तं ब्रेक ऑइल आहे! जॅकमंदी ब्रेक ऑइल? रबरी वॉशर फुगून दाब सुटंन नाही तं काय होईन?"

दोघांच्याही माना एकदम विमलाकडे वळल्या. जॅकचं तेल बघणं हे तिचं काम. फळीवर जॅकच्या तेलाचा आणि ब्रेक ऑइलचा असे दोन डबे शेजारी शेजारी होते.

"मी नाही टाकलं, बाबा! आईची शपथ!"

ती काकांकडे पाहू लागली. आता काका बोलतील! काका म्हणतील, माझी चेली असा घोळ करणार नाही! काकांनी डब्यांकडे पाहिलं, विमलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"जाऊ दे, पुंडलिकभाऊ," ते हळूच म्हणाले. "लेकराची जात. डबा नसंन वळखला."

बाबा रागावले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण काकांनीही?

"आतापासून गॅरेजात पाय ठेवायचा नाही, जॅकले हात लावायचा नाही," पुंडलिकराव म्हणाले. काकांनी त्यांना फटफटीवर बसवलं आणि भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले.

---

"रडून काय होते बे?" इश्वर म्हणाला. इश्वर आणि रुखमा हे विमलाच्या वर्गातले. दसऱ्याच्या सुट्टीत तिघांचा मुक्काम गॅरेजामागच्या चिंचेखाली असायचा. "तू नाही टाकलं, तं मंग कोण टाकलं?"

"तेच तं शोधायचं आहे!" विमलानं नाक पुसलं. "जॅक पाहू आधी."

तिनं जॅक उलटा केला आणि थबकली. खंडेनवमीला पूजेआधी तिनं स्वतः त्याच्या चाकांना ग्रीस लावलं होतं. त्या ग्रीसमध्ये आता रेती चिकटलेली होती!

"गॅरेजात तं फरशी आहे. रेती कुठून आली?" रुखमानं विचारलं.

"आन हे पाहा! सकाळी गाडीले लावायच्या आधीच दिसलं होतं मले, पण ध्यान नाही दिलं." विमलानं जॅकच्या माथ्यावरची, गाडीला टेकते ती वाटी दाखवली. पूजेच्या दिवशी विमलानं तिच्यात तेलात कालवलेलं कुंकू भरलं होतं. ते सगळं फिसकटलं होतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ती चालवायची नाहीत, हा गावाचा रिवाज. दुसऱ्या दिवशी दसरा, गॅरेज बंद; ते उघडलं आज सकाळीच. म्हणजे पूजेतला जॅक उचलून नेण्याचं धाडस कोणीतरी केलं होतं!

इश्वर सगळ्या गाड्यांखाली वाकून पाहण्यात पटाईत. तो ॲम्बेसेडरखाली वाकला आणि ओरडला, "अरे, इथं लाल गोल आहे! तीन दातांचा!"

"वाटीले चार दात होते. एक तुटला आहे," विमला म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. "आजचा ठसा हा. ज्याच्या गाडीखाली असाच दुसरा ठसा, त्यानंच जॅक नेला!"

गावात रेतीच्या ट्रॉल्या तीन. पहिलीखाली रुखमा सरपटत गेली आणि मिशा काढल्यासारखं ग्रीस तोंडाला लावून आली. ठसा नाही! दुसऱ्या ट्रॉलीच्या मालकानं काठी घेऊन पिटाळलं, पण तोवर इश्वरनं पाहून घेतलं होतं. तिथंही नाही!

"तिसरी पाहायची गरज नाही," विमला म्हणाली. "ते भय्याजीकाकांची आहे."

"गाव पाह्यलं, मंग काकानं काय घोडं मारलं?" इश्वर म्हणाला.

"मीच पाहते! मंग तुमचं तोंड बंद होईन!"

काकांच्या अंगणात ट्रॉली उभी होती. विमला पाठीवर झोपून खाली सरकली. आसावर धूळ, चिखल आणि मधोमध लाल गोल. तीन दात, चौथ्याची जागा कोरी. तिनं बोट लावलं. बोट लाल झालं!

ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. पण या कळशानं तिच्या काळजाला भोक पाडलं होतं. काकांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी तिला दोषी ठरू दिलं होतं!

---

संध्याकाळी तिघं दोरीनं जॅक ओढत रस्त्यानं निघाले. चाकांचा खडखडाट ऐकून म्हाताऱ्या शेवंताबाईंना तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजाऱ्याचे पैसे मागणारी पोरं आठवली आणि त्या ओट्यावरून हसल्या.

"तान्हा पोळा तं कवाचा झाला, पोट्टेहो! आता हा लोखंडाचा नंदी कायले?"

"याचा बोजारा मागायले जाऊन राहिलो, आजी!" इश्वर ओरडला.

काकांच्या अंगणात पुंडलिकराव बोटांना पट्टी बांधून चहा पीत होते. गाडीची चौकशी करायला साहेबही आले होते.

"तुले जॅकले हात लावू नको म्हटलं ना?" पुंडलिकराव उसळले.

विमलानं जॅक ट्रॉलीखाली ढकलला आणि म्हणाली, "बाबा, फक्त वाकून पाहा. वरचा ठसा आन ही वाटी."

पुंडलिकराव वाकले. साहेब वाकले. काका तेवढे जागचे हलले नाहीत!

"भय्या?" पुंडलिकरावांच्या तोंडून एवढंच निघालं.

"खंडेनवमीले नदीच्या वाटेवर ट्रॉली पंक्चर झाली," काका म्हणाले. "रेती भरलेली, खाली करायले माणूस नाही. दोन टनाच्या जॅकनं भरली ट्रॉली उचलली. तेल गळलं. पूजेतलं हत्यार चालवलं, कोणत्या तोंडानं सांगू? अंधाऱ्या गॅरेजात घाईघाईनं डबा उचलला, भरून ठेवला. चुकीचा हाय हे आज सकाळी समजलं."

"सकाळी समजलं," विमला म्हणाली. "तरी मले चुकलेली म्हटलं तुम्ही. दुसरं कोणी म्हटलं असतं तं मी रडले नसते, काका!"

काकांनी डोळे पुसले आणि हात जोडले.

पुंडलिकरावांनी लेकीला जवळ ओढलं. "चूक माहीबी हाय. न पाह्यता तुह्यावर आळ घेतला, आन घोडी न लावता हात घातला." त्यांनी जॅकचा दांडा काढून तिच्या हाती दिला. "आजपासून हा तुह्यापाशी. घोडी लावल्याबिगर मले बी द्यायचा नाही!"

"शाबास!" साहेब म्हणाले. "चाक सरकवून बापाचा हात वाचवला आणि ठशावरून खरं शोधून काढलं. तिघेही हुशार आहात!"

दुसऱ्या दिवशी विमलानं जॅकमधलं खराब तेल ओतून टाकलं. पुंडलिकरावांनी नवा वॉशर बसवला. तिनं आतून धुऊन योग्य तेल खुणेपर्यंत भरलं, दाब सोडायची चावी ढिली करून दांडा मारत हवा काढली आणि गाडी उचलून बाजूच्या भिंतीवर खडूनं तिच्या उंचीची रेघ मारली. तासभर गाडी रेघेखाली उतरली नाही! इश्वर आणि रुखमानं टाळ्या पिटल्या.

आठवड्यानं भय्याजीकाका रिकामी ट्रॉली घेऊन गॅरेजात आले. चाकाला वंगण द्यायचं होतं. विमलानं जॅक लावला, दांडा मारला, आस उचलला. काका खाली वाकता वाकता थांबले.

"पोरी, राग गेला का? काकावर भरोसा आहे ना?"

विमलानं भिंतीजवळची जड घोडी दोन्ही हातांनी ओढत आणली आणि आसाखाली नीट बसवली.

"आहे न, काका. पण आता घोडी लावून."

काकांनी दुसरी घोडी उचलली आणि पलीकडच्या बाजूला स्वतः नेऊन लावली.